चर्चा: लग्नाच्या व्हिडिओत ट्रान्झिशन हवंच कशाला?

नौपाडाकर: मामेबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ काल हातात आला. शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट खाली यायला लागला आणि नेमकं तिथेच एडिटरने पान उलटायचं ट्रान्झिशन, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर नेणारा इफेक्ट, टाकलं. पान उलटेपर्यंत दोघांच्या गळ्यात हार! तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, तो क्षण गेला तो गेलाच. अहो, एक चित्र सरकत पुसलं जाऊन दुसरं दिसतं तो वाइप; अंतरपाट हाच मुळात वाइप आहे, त्यावर दुसरा कशाला? माझं स्पष्ट मत: साधा कट, म्हणजे शॉटला शॉट थेट जोडलेला, ठेवा, बाकी सगळं काढून टाका.

ऐरोलीची एडिटर: ते पान चुकलंच. पण ‘बाकी सगळं काढा’ हे पटत नाही. रात्री हळद संपली, पुढचा शॉट सकाळचा. थेट कट मारला तर बघणारा दचकतो. डिझॉल्व्हमध्ये एक चित्र विरत जातं आणि त्यातूनच दुसरं उमटतं; तो एक सेकंदाचा, म्हणजे २५ फ्रेमचा, ठेवला की रात्र सरल्यासारखी वाटते.

नौपाडाकर: ताई, सनई दोन सेकंद आधी सुरू करा ना. डोळ्यांसमोर अजून हळदीचे हात, कानावर सनई, मग कट. जे-कट तो हाच. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मध्ये (१९६२) काडीवर फुंकर आणि थेट वाळवंटातली पहाट. पटकथेत तिथे डिझॉल्व्ह होता, पडद्यावर कट राहिला.

ऐरोलीची एडिटर: ते दोन्ही शॉट तेवढे जोरकस होते. माझ्याकडे एकीकडे रिकाम्या खुर्च्या, दुसरीकडे कलश. आणि सनई स्वच्छ मिळायला हवी ना, हॉलमध्ये एसीची घरघर असते!

कळव्याचे काका: रिळांच्या काळात डिझॉल्व्हसाठी प्रिंटवर ग्रीस पेन्सिलने खूण करायची, मग लॅबमध्ये ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे फिल्मचं पुन्हा चित्रण करणाऱ्या यंत्रावर, काम. पैसे जायचे, वेळ जायचा, वर तेवढा भाग दाणेदार दिसायचा. म्हणून मागताना दहादा विचार व्हायचा. आणखी एक, शूटिंगवाल्यांनो, शॉट संपला की लगेच कॅमेरा बंद करू नका. डिझॉल्व्हला पुढे-मागे जादा फ्रेम लागतात, त्या उरल्या नाहीत तर सॉफ्टवेअर एकच फ्रेम गोठवतं आणि चालता माणूस पुतळा होतो.

नौपाडाकर: बरं, हळदीनंतरचा एक मान्य. पण सप्तपदीत सात पावलांत सहा डिझॉल्व्ह टाकलेत, त्याचं काय?

ऐरोलीची एडिटर: तिथे नाहीच. पाऊल पडलं की कट. पाठवणीचा मात्र सोडणार नाही. गाडी वळते, आई हॉलच्या दारात उभी राहते, पदर तोंडाशी. तिथून मी हळूहळू काळोखातच नेते.