पेनड्राइव्हवरचं जुनं पोर्टेबल टूल अँटीव्हायरसने उडवलं

प्रश्न: फायलींची नावं बदलायचं एक छोटं टूल चार वर्षं पेनड्राइव्हवरून वापरतोय. काल पेनड्राइव्ह लावला आणि डोळ्यांदेखत फाइल गायब! क्वारंटाइनमध्ये (अँटीव्हायरस संशयित फायली कोंडून ठेवतो तिथे) सापडली, धोक्याच्या नावाच्या शेवटी '!एमएल'. फाइल तर तीच आहे, मग आजच व्हायरस कसा?

उत्तर १: '!एमएल' म्हणजे मशीन लर्निंगचा अंदाज. फाइल तीच असली तरी अँटीव्हायरसचे अपडेट रोज येतात, त्यामुळे हा अंदाज बदलू शकतो. अशी टूल्स बऱ्याचदा यूपीएक्सने (प्रोग्रामची फाइल दाबून लहान करणारं साधन) आवळलेली असतात, डिजिटल सही नसते. मालवेअरवालेही यूपीएक्स वापरतात, त्यामुळे सुक्याबरोबर ओलंही जळतं. व्हायरसटोटलवर (एकच फाइल अनेक अँटीव्हायरसकडून तपासणारी साइट) तपासा.

प्रश्नकर्ता: तपासलं. ७० पैकी ३ अँटीव्हायरस लाल, तिन्ही 'जेनेरिक' (ठरावीक व्हायरसचं नाव नाही, नुसता सर्वसाधारण संशय). आता अख्खा पेनड्राइव्ह अँटीव्हायरसच्या तपासणीतून वगळू का?

उत्तर २: अजिबात नको! पेनड्राइव्ह दहा मशीनला लागतो, एक्सईला (प्रोग्रामच्या फाइलला) चिकटणारे व्हायरस खरंच असतात. आधी फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा कोड) टूलच्या लेखकाच्या साइटवरच्याशी जुळवा. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी फाइल उडवा. जुळला तर फक्त तेवढीच फाइल वगळा आणि अँटीव्हायरस कंपनीला नमुना पाठवा. एकट्याने टूल लिहिणाऱ्याचं नाव फुकट खराब होतं, म्हणून एवढं कराच.

प्रश्नकर्ता: हॅश जुळला. नमुना आत्ताच पाठवला.