पुढच्या साथीत लस आधी कोणाला? नुसतं वय बघून भागेल का?

भटक्या८२: २०२१ ला कोविडच्या लसीला आपल्याकडे आधी हेल्थवाले, मग ६० च्या वरचे आणि बीपी-शुगरवाले ४५+, मग सगळे ४५+ आणि १ मेपासून १८+ असा क्रम होता. कागदावर ठीक वाटतो. तरी एवढा गोंधळ का झाला? परत वेळ आली तर काय वेगळं करायचं?

शेंगाचटणी: क्रमाला मी नावं ठेवणार नाही, घोळ झाला १ मेला. १८ ते ४४ वाल्यांना कोविनवर (लसीची सरकारी साइट) ऑनलाईन बुकिंग कंपल्सरी, तेव्हा साइट इंग्रजीत, ओटीपी येईपर्यंत स्लॉट गायब. मुंबईची पोरं टेलिग्रामवर अलर्ट लावून बसायची आणि पालघरकडचे स्लॉट उचलून गाडी काढून जायची, आणि गावातला माणूस आपल्याच गावच्या केंद्राबाहेर उभा. पोरांना तरी काय बोलणार, सिस्टीमच तशी होती. सुप्रीम कोर्टाने पण ३१ मेच्या ऑर्डरमध्ये यावरनं सरकारला झापलं होतं.

पांढरा_कोट: मी तेव्हा एका पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्र) होते. कोविशिल्डची वायल (बाटली) १० डोसची, एकदा फोडली की ४ तासात संपवायची. बुकिंगवाले आले नाहीत की उरलेल्या डोससाठी माणसं शोधत फोनाफोनी. आणि आशाताईंच्या वहीत घरटी माहिती असतेच की, कोण म्हातारं, कोण अंथरुणाला खिळलेलं, ती वही कोणी विचारलीच नाही. माझं म्हणणं, निम्मे डोस त्या यादीला राखून ठेवा आणि आदल्या दिवशी टोकन आशाताईंच्या हातून घरी पोचवा.

कोपऱ्यातला_बाक: पैशाचं कोणीच बोलत नाहीये. मेपासून २५ टक्के लस प्रायव्हेटला, जूनमध्ये दर बांधून दिले तरी एका डोसला कोविशिल्ड ७८० आणि कोवॅक्सिन १४१० रुपये. चौघांचं घर असेल तर हिशोब करा. सरकारी केंद्रावर साठा संपल्याचा बोर्ड आणि सोसायट्यांत कॅम्प चालू. १२ मेला राज्याने १८-४४ थांबवून साठा ४५+ च्या दुसऱ्या डोसला वळवला, लोकांनी शिव्या घातल्या पण मला ते पटलं होतं. २१ जूनपासून केंद्र सरकार ७५ टक्के घेऊन राज्यांना फुकट द्यायला लागलं, प्रायव्हेटचे २५ मात्र तसेच राहिले.

भटक्या८२: @पांढरा_कोट राखीव डोसात वशिला घुसणार नाही का? सरपंचाचे पाहुणे आधी 😅

पांढरा_कोट: घुसणारच, म्हणून यादी केंद्राच्या भिंतीवर चिकटवायची. गावात कोणाचं वय किती हे सगळ्यांना पाठ असतं, सत्तरीच्या यादीत पस्तिशीचा दिसला की भांडण तिथल्या तिथे.