मदत हवी आहे: शेजारच्या बिननोंदणी होमस्टेची तक्रार मी करावी का?

नमस्कार मंडळी,

गोव्यात पेडणे तालुक्यात आमचं जुनं घर आहे. मागच्या बाजूच्या दोन खोल्या आम्ही काही वर्षांपासून पर्यटकांना देतो. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली आमची पर्यटन खात्याकडे रीतसर नोंदणी आहे. पंचायतीचा ना हरकत दाखला, घराचे कागद, पाच वारसांच्या सह्या (त्यातले एक दीर पोर्तुगालला) यांत आठ महिने गेले. परदेशी पाहुणा आला की २४ तासांच्या आत त्याच्या माहितीचा फॉर्म (आम्ही सी फॉर्म म्हणतो) ऑनलाइन भरायचा असतो. मध्यरात्री कोणी आलं तरी पासपोर्टचा फोटो घेतल्याशिवाय मी झोपत नाही.

मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि आमच्या कुंपणाला लागून एक दुमजली इमारत उभी राहिली. चार फ्लॅट, चारही रोजच्या भाड्याने. नोंदणी नाही. हा माझा तर्क नाही. देखभाल बघणारी मुलगीच मला म्हणाली, "काकी, सायब म्हणतात स्वतःच्या फ्लॅटला कसली नोंदणी?" सायब दिल्लीला असतात. भाडं आमच्यापेक्षा पाचशेने कमी. मला त्याचा त्रास होतो, हे लपवत नाही. गेल्या मोसमात आमच्या बऱ्याच रात्री रिकाम्या गेल्या.

पण लिहायला बसले ते वेगळ्या कारणाने. परवा रात्री साडेअकराला एक परदेशी जोडपं चुकून आमच्या गेटशी आलं. त्यांना पोचवायला मी बॅटरी घेऊन शेजारी गेले. जिन्याखाली दोन भरलेले सिलिंडर, त्यांना खेटून इन्व्हर्टर आणि भाड्याच्या स्कूटर. मागच्या दाराच्या ग्रिलला बाहेरून कुलूप. का, तर पाहुणे पैसे न देता मागून जाऊ नयेत. चावी त्या मुलीकडे, आणि ती रात्री आपल्या घरी. त्या जोडप्याचा पासपोर्ट कोणी बघितलाही नाही. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या क्लबला आग लागून २५ माणसं गेली. त्या रात्री मला तेच आठवत राहिलं.

अडचण अशी की ती मुलगी आमच्याच वाड्यावरची. तिचे वडील आजारी असतात, घर तिच्या पगारावर चालतं. तक्रार झाली की सायबांचं फार काही बिघडणार नाही, हिची नोकरी जाईल. शिवाय गावात म्हणतील, हिचा धंदा बसला म्हणून हिने काडी घातली. आणि खरं सांगायचं तर, माझ्या खोल्या भरलेल्या असत्या तर मी एवढं बघितलं असतं का, हे मलाच ठामपणे सांगता येत नाही.

तक्रार करावी का? केली तर आधी मालकाला सांगून करावी की थेट? आणि नावानिशी की निनावी? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद: बार्देशकर

ताई, कुलूप आणि नोंदणी एकत्र करू नका. कुलपासाठी कागद लागत नाही. उद्या सकाळी जाऊन ते काढायला लावा, सिलिंडर बाहेर उघड्यावर ठेवायला सांगा. नोंदणीचं मालकाला लेखी कळवा, पंधरा दिवस द्या. मी कळंगुटला एकाला असंच कळवलं होतं. तो चिडला, पण अर्ज केला. ऐकलं नाही तर पर्यटन खातं आहेच. निनावी मात्र करू नका. गावात कोणी केली ते दोन दिवसांत कळतंच, आणि मग तुमचं म्हणणं कोणी ऐकून घेत नाही.

प्रतिसाद: सुरंगी

मी पंधरा दिवसही थांबले नसते. सी फॉर्म न भरता परदेशी माणूस ठेवणं ही पोलिसांची बाब आहे. आणि मुलीच्या नोकरीचं म्हणाल तर उद्या काही झालं की सायब दिल्लीत असणार आणि पोलीस पहिलं तिलाच विचारणार, कुलूप कोणी घातलं. हे तिला कोणी सांगितलंय का?

मूळ लेखिका

सुरंगी, नव्हतं सांगितलं. आज दुपारी तिला घरी बोलावून सांगितलं. बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "काकी, चावी मी तशीही ठेवू नये म्हणतेय." संध्याकाळी ग्रिलचं कुलूप निघालं. सिलिंडर अजून तिथेच आहेत.

बार्देशकर, मालकाला आज रात्री पत्र लिहितेय, माझ्या नावाने, सिलिंडरचा फोटो जोडून. पंधरा नाही, सात दिवस देणार. पत्रात त्या मुलीचा उल्लेख कुठेही येऊ नये असं मला वाटतं. तुमच्या पत्राचा मजकूर असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा ना.