बंधाचा प्रकार ओळखण्याची एलईडी चाचणी: साखरेच्या पाण्यातही दिवा का लागतो?

खडूफळा

दहावीच्या मुलांसाठी वाहकतेची चाचणी मांडली आहे. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, ४७० ओहमचा रोध, लाल एलईडी आणि सोललेल्या तांब्याच्या दोन तारा, सगळं एकसरीत. निकाल असे आले:

कोरडं मीठ: लागत नाही. मिठाचं पाणी: लख्ख. साखरेचं पाणी: मंद, पण लागतो. व्हिनेगर: लागतो. तांब्याची पट्टी: लख्ख. पेन्सिलीचं शिसं: लागतो. तुरटी तापवून वितळवली: लागतो.

साखर, व्हिनेगर आणि पेन्सिल, तिन्ही सहसंयुज (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले). मग तक्ता कसा भरायचा? मीठ वितळवणं शाळेत जमत नाही, तर ‘आयनिक संयुग (आयनांचं, म्हणजे प्रभार असलेल्या कणांचं बनलेलं) वितळल्यावर वीज वाहतं’ याचा पुरावा म्हणून तुरटी चालेल का? आणि विद्युतऋणतेतला (अणूच्या इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या ताकदीतला) फरक १.७ च्या वर गेला की आयनिक, हा नियम मुलांना द्यावा का?

रोधक

साखरेपुरतं लिहितो. दिवा साखरेमुळे लागत नाहीये, नळाच्या पाण्यामुळे लागतोय.

हिशेब करून पाहा. तारा १ सेंमी अंतरावर आणि भिजलेला भाग १ चौ. सेंमी धरा. नळाच्या पाण्याची वाहकता ५०० मायक्रोसिमेन्स प्रति सेंमी असेल तर मधल्या पाण्याचा रोध २००० ओहम. एलईडीवर साधारण १.९ व्होल्ट पडतात, उरले ७.१. भागिले २४७०, म्हणजे जवळपास ३ मिलिअँपिअर. हल्लीचे एलईडी ०.१ मिलिअँपिअरलाही दिसण्याइतके उजळतात, त्यामुळे ३ म्हणजे चांगलाच उजेड. १०० मिली पाण्यात ०.५८ ग्रॅम मीठ घातलं तर रोध शंभर ओहमच्या आत येतो आणि प्रवाह १२-१३ वर जातो. तारांवरच्या ध्रुवीकरणाचा (टोकांशी आयन साचून प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा) यात हिशेब नाही, म्हणून प्रत्यक्षात आकडे थोडे खाली येतील.

ऊर्ध्वपातित पाण्याची वाहकता २ च्या आसपास धरली तर प्रवाह १४ मायक्रोअँपिअर. वर्गाच्या उजेडात दिवा विझलेलाच दिसेल. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी दुकानात मिळतं, ते आणा. फक्त डबा नीट वाचून घ्या, शेजारीच बॅटरीचं आम्लही ठेवलेलं असतं. आरओचं पाणी चालणार नाही, त्यात क्षार उरतात.

एलईडीच्या जोडीला मल्टिमीटर एकसरीत लावा, २० मिलिअँपिअरच्या पट्ट्यावर. आधी नुसत्या पाण्याचं वाचन, मग त्याच पाण्यात साखर घालून. नळाच्या पाण्यात साखर विरघळवली की आकडा वाढत नाही, उलट किंचित उतरतो. द्रावण दाटसर होतं आणि पाण्यात आधीपासून असलेल्या आयनांची चाल मंदावते. मुलांना हे दाखवाच, कोरड्या ‘नाही’पेक्षा ते जास्त पटतं.

आणि तांब्याच्या तारा काढून टाका. मिठाच्या पाण्यात धन टोकाचं तांबं झिजतं, द्रावण गढूळ होतं आणि तीच तार न धुता साखरेत बुडवली की आयन सोबत जातात. दोन्ही टोकांना पेन्सिलीचं शिसं लावा, ४बी किंवा ६बी. कठीण पेन्सिलीत माती जास्त असते, रोध वाढतो. मिठाच्या पाण्यात धन टोकाशी थोडा क्लोरीन सुटतो, तेव्हा वाचन घेतलं की लगेच बाहेर काढा.

मूस

तुरटी पुरावा म्हणून अजिबात नको. पोटॅश तुरटीच्या प्रत्येक सूत्राबरोबर पाण्याचे १२ रेणू असतात. वजनाने पाहिलं तर खड्याचा ४५ टक्क्यांहून अधिक भाग पाणीच. ९२ अंशांच्या आसपास खडा ‘वितळतो’ तेव्हा तुरटी स्वतःच्याच स्फटिकजलात, म्हणजे खड्यात बांधलेल्या या पाण्यात, विरघळत असते. म्हणजे तुम्ही पुन्हा द्रावणाचीच चाचणी घेतली. मोरचूद आणि धुण्याच्या सोड्याबाबतही स्फटिकजलाचं भान ठेवा.

खरंखुरं वितळवायचं तर पोटॅशियम नायट्रेट घ्या. त्यात स्फटिकजल नाही आणि ३३४ अंशांना वितळतं. बोरोसिलिकेटच्या (उष्णता सोसणाऱ्या काचेच्या) कोरड्या परीक्षानळीत ५ ग्रॅम, त्यात जस्ताचा मुलामा नसलेले दोन लोखंडी खिळे, एकमेकांना न टेकणारे. नळी तिरकी धरून आधी वरचा थर तापवा, मग खाली या. बुडापासून सुरुवात केली तर वितळलेला भाग फुगतो, वर वाट मिळत नाही आणि नळी तडकते. पूर्ण वितळून पातळ झालं की एलईडी लागतो. ज्योत बाजूला करा. नायट्रेट गोठत जातं तसा दिवा मंदावतो आणि विझतो. आयन तेच, संख्या तीच. फक्त जागेवर जखडले गेले. वितळलेलं मेण शेजारी ठेवा, तिथे काहीच होणार नाही.

इथे पेन्सिलीचं शिसं चुकूनही वापरू नका. तापलेलं नायट्रेट कार्बनला ऑक्सिजन पुरवतं, भडका उडू शकतो. कागद, साखर, कोळसा सगळं दूर. ४०० अंशांच्या पुढे नेऊ नका, विघटन सुरू होतं. प्रयोग शिक्षकांनीच करायचा, चष्मा लावून.

पावसाळ्यात कोरड्या मिठानेही दिवा लागलेला दिसेल. साध्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली ओल ओढतं. तव्यावर भाजून, बंद डब्यात गार करून मग घ्या.

त्रिकोण

व्हिनेगरचं राहिलं. ॲसिटिक आम्लाचा रेणू सहसंयुजच आहे, पाण्यात गेल्यावर त्यातले हजारात चार-पाच रेणू आयन देतात. हायड्रोजन क्लोराइड तर जवळजवळ पूर्ण आयनीभूत होतो, आणि तोही मूळचा सहसंयुज वायूच. उलट टोकाला खडूतलं कॅल्शियम कार्बोनेट घ्या: आयनिक आहे, पण विरघळतच नाही, त्यामुळे दिवा लागत नाही. म्हणून तक्त्यात ‘द्रावण’ हा एकच रकाना ठेवून निर्णय देऊ नका. स्थायू, वितळलेला, द्रावण असे तीन रकाने हवेत आणि निर्णय पहिल्या दोनांवर.

पेन्सिलीत प्रत्येक कार्बन तिघांशी बांधलेला असतो, चौथा इलेक्ट्रॉन संपूर्ण थरभर मोकळा. थरातल्या अणूंमधलं अंतर १४२ पिकोमीटर, दोन थरांमधलं ३३५. दिवा लागतो त्या मोकळ्या इलेक्ट्रॉनमुळे. हिऱ्यात चारही अडकलेले, म्हणून तो विद्युतरोधक. चाचणी फक्त ‘फिरता प्रभार आहे का’ एवढंच सांगते, बंधाचं नाव सांगत नाही. मुलांच्या वहीत हेच वाक्य जायला हवं, असं माझं मत.

१.७ चा नियम देऊ नका. विद्युतऋणता मोजायच्या पॉलिंगच्या मापनश्रेणीवर हायड्रोजन फ्लोराइडचा फरक १.७८, पण तो रेणूंचा पदार्थ, १९.५ अंशांना उकळतो. सिलिकॉन टेट्राफ्लोराइडचा २.०८, तरी वायू. मॅग्नेशियम आयोडाइडचा फक्त १.३५, आणि ते ६०० अंशांच्या वर वितळणारं आयनिक संयुग.

शिवाय नुसत्या फरकाने धातू आणि सहसंयुज वेगळे काढताच येत नाहीत. पितळेतल्या तांबं-जस्ताचा फरक ०.२५, मिथेनमधल्या कार्बन-हायड्रोजनचा ०.३५. दोन्ही लहान, पण एकाची भांडी होतात आणि दुसरा जळणारा वायू. सरासरी काढा: पितळ १.७८, मिथेन २.३८. सरासरी कमी म्हणजे इलेक्ट्रॉनवर कोणाचीच घट्ट पकड नाही, ते सामाईक होतात. सरासरी जास्त आणि फरक कमी तर सहसंयुज. फरक मोठा तर आयनिककडे झुकाव. फान आर्केल आणि केटेलार या रसायनशास्त्रज्ञांचा त्रिकोण याच कल्पनेवर उभा आहे: सीझियम, फ्लुओरीन आणि सीझियम फ्लोराइड हे तीन कोपरे, बाकी सगळे मधे कुठेतरी.

खडूफळा

तिघांचेही आभार. तीन रकाने करते. हातोडीची चाचणी (पदार्थ ठोकला की फुटतो की चपटा होतो) जोडावी का? आणि चमच्यात मीठ धरून गॅसवर तापवलं तर ते तडतडतं, ते वितळणं म्हणायचं का?

मूस

नाही. मिठाच्या खड्यात अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन खडा फुटतो, त्याचाच तो आवाज. मीठ वितळतं ८०१ अंशांना. चमचा ॲल्युमिनियमचा असेल तर त्याआधी ६६० ला चमचाच वितळेल. स्टीलचा घ्या आणि साखरेशी तुलना करा: साखर १८६ च्या आसपास वितळून करपते, मीठ तसंच राहतं.

हातोडी ठेवा, पण जपून. खडीसाखर आणि सैंधव दोन्ही फुटतात, कारणं मात्र वेगळी. सैंधवात थर एका आयनाएवढा सरकला की सारखे प्रभार समोरासमोर येतात आणि ढकलले जातात. खडीसाखरेत रेणूंची एकमेकांवरची पकड सुटते, रेणूच्या आतले बंध शाबूत राहतात. तांब्याची तार चपटी होते. म्हणजे या चाचणीने धातू तेवढा वेगळा निघतो, आयनिक की सहसंयुज हे कळत नाही. फोडताना खडा फडक्यात गुंडाळा.