खंडेनवमीला चकाचक, दिवाळीनंतर पुन्हा तोच पसारा. शॉपमध्ये फाइव्ह एस टिकवायचं कसं?

भोसरी_जॉबवर्क:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ), एक व्हीएमसी (तसंच मिलिंगचं मशीन) आणि वडिलांच्या वेळचा एक लेथ. माणसं नऊ. मोठ्या पार्टीचं ऑडिट होतं म्हणून गेल्या वर्षी फाइव्ह एस, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायची जपानी पद्धत, सुरू केलं. जमिनीवर पिवळे पट्टे मारले, टूल बोर्डवर प्रत्येक पान्याची आकृती काढली आणि सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके (नको ते काढा, जागच्या जागी लावा, साफ करा, पद्धत ठरवा, शिस्त पाळा) असा फ्लेक्स लावला. ऑडिट पास झालं. आज त्या बोर्डवर दोन पाने लटकताहेत आणि पिवळ्या पट्ट्यावर बारचे गठ्ठे पडलेत.

परवा चकचे जॉ (जॉब पकडणारे जबडे) बदलायला १० नंबरची एलन की सापडेना. पोरगा तिन्ही मशीनभोवती फिरला. चहा आला, पिऊन झाला, मशीन उभंच. शेवटी की सापडली कूलंटच्या ट्रेमध्ये, चिप्सखाली. वस्तू जागेवर नसेल तर शंभर रुपये दंड, असंही करून पाहिलं. दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोललं नाही. ज्यांच्याकडे हे खरोखर टिकलंय त्यांनी सांगा, काय केलंत?

स्टोअर्सवाली_ताई:
आधी नको ते बाहेर काढा. लाल चिठ्ठी बांधायची, त्यावर तारीख घालायची आणि सगळं एका कोपऱ्यात ठेवायचं. महिनाभरात कोणी मागायला आलं नाही, तर थेट भंगारवाल्याला. आमच्याकडे बंद झालेल्या पार्टचे फिक्स्चर (पार्ट मशीनवर धरून ठेवायचे सांगाडे) निघाले, त्यांनी अख्खी मांडणी अडवली होती.

इन्सर्टसाठी (टूलची बदलायची कापणारी टोकं) दोन डब्या ठेवा. पहिली संपली की तिच्यातलं कार्ड ऑफिसच्या खिळ्याला अडकवायचं, तीच ऑर्डर. दुसरी डबी माल येईपर्यंत पुरली पाहिजे, तेवढं बघून भरा.

जुना_सेटर_चाकण:
दादा, दंड आजच बंद करा. पोरं वस्तू लपवायला लागतील.

२६ वर्षं सेटिंग केलंय, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन तयार करून दिलंय, म्हणून स्पष्ट विचारतो. तो बोर्ड कुठे लावलाय? ऑफिसच्या दाराशी असणार, ऑडिटरला दिसावा म्हणून. आमच्याकडेही तसाच होता. मशीनपासून सतरा पावलं. हात तेलकट, जॉब अर्धवट, अशा वेळी कोण सतरा पावलं जाऊन पाना टांगून येईल? तो मशीनवरच ठेवणार. त्यात पोराची काही चूक नाही.

मी एकच केलं. मोबाइल स्टँडवर लावला आणि एका सेटिंगचं पूर्ण शूटिंग घेतलं. आधी ऑपरेटरला विचारलं, हे तुझ्यावर नजर ठेवायला नाही म्हणून सांगितलं. मग दोघांनी बसून बघितलं. शेवटच्या जॉबपासून नवा पहिला ओके पीस निघेपर्यंत ८२ मिनिटं. त्यातली निम्मी तरी चालण्यात आणि शोधण्यात गेली होती: ड्रॉइंग, प्लग गेज (भोकाचं माप तपासायचं), सॉफ्ट जॉ (त्या-त्या पार्टच्या मापाने कापलेले जबडे), इन्सर्ट. मशीन बंद करून शोधायचं त्यात काय होतं? आधीचा जॉब चालू असतानाच हे सगळं ट्रॉलीवर येऊन बसू शकतं.

जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगोंनी १९६९ मध्ये टोयोटात हेच केलं. १००० टनी प्रेसचं सेटिंग चार तासांवरून आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणलं. त्यांचं मूळ सूत्र हेच होतं की मशीन थांबल्यावरच होणारी कामं वेगळी करायची आणि चालू असताना होणारी वेगळी. आमचं ८२ चं ३५ झालं, नवं काही विकत न घेता.

ट्रॉलीवर कुठला पाना कुठे, हे ऑपरेटरनेच ठरवलं. मी एक खण सुचवला होता, तो त्याने बदलला. बरोबरच बदलला, कारण तो डावखुरा आहे. ती ट्रॉली अजून तशीच आहे.

आणि साफसफाई झाडूवाल्या मावशींवर सोडू नका. शिफ्ट संपताना दहा मिनिटं ऑपरेटरने स्वतः मशीन पुसायचं. हात फिरला की कळतं. आमच्या एका पोराला फडक्यावर तेलाचा ओला डाग दिसला, हायड्रॉलिकचा पाइप जोडाशी पाझरत होता. फुटायच्या आत बदलला.

भोसरी_जॉबवर्क:
सेटरकाका, बोर्ड खरंच ऑफिसच्या दाराशीच होता. बुधवारी संध्याकाळी काढला. दंडाचे पैसे परत केले. प्रत्येक सीएनसीला स्वतःची १० नंबरची एलन की दिली, एक लाल रंगवलेली, एक निळी. शूटिंगही घेतलं. आमची ९५ मिनिटं निघाली आणि त्यातली बावीस फक्त सॉफ्ट जॉ शोधण्यात. चाळीसेक सेट आहेत, सगळे एका पत्र्याच्या पेटीत. यांचं काय करू?

जुना_सेटर_चाकण:
पेटी मोडा. भिंतीला तिरप्या फळ्या मारा आणि तीन जॉंचा सेट एकत्र ठेवा. पार्ट नंबर जॉवरच पंच करा, मार्करने लिहू नका, कूलंटने पुसला जातो. फळीचा नंबर ड्रॉइंगच्या फोल्डरवर टाका. म्हणजे ड्रॉइंग हातात घेतलं की जॉ कुठे आहेत ते कळलं. चाळीस एकदम करू नका, या महिन्यात लागणारे सहा-सात आधी लावा.