अग्निवीर की आधी डिग्री?

भाऊ, तुम्ही विचारलंत: पुतण्याची बारावी झाली, अग्निवीर म्हणजे सैन्यातल्या चार वर्षांच्या भरतीसाठी परभणीत अकॅडमी लावलीय आणि घरचे म्हणतात आधी डिग्री कर, तर काय करावं? माझं मत: भरती देऊ द्या, पण हिशोब समोर बसवून समजावा. पहिल्या वर्षी पगार 30,000, त्यातले 9,000 सेवानिधीत (शेवटी एकरकमी मिळणारी बचत) जातात, हातात 21,000. चार वर्षांनी सरकारचा वाटा नि व्याज धरून साधारण 11.71 लाख मिळतात, पेन्शन नाही. कायम होतात जास्तीत जास्त 25 टक्के. म्हणजे चौघांतले तिघे परत येणार. त्या पैशावर आत्तापासून बहिणीचं लग्न नि बोअर असले बेत आखू नका, हे कळकळीनं सांगतोय. ते पैसे त्या पोराला पुढं उभं राहायला लागणारेत.

डिग्रीचं म्हणाल तर नोकरीत असतानाच इग्नू या मुक्त विद्यापीठातून करता येते, डिग्रीचे निम्मे क्रेडिट (गुणांक) सैन्यातल्या प्रशिक्षणाचेच धरतात.

आपल्याकडं पोरं पहाटे रोडवर पळून 1600 मीटरचा टायमिंग काढतात, पण आता आधी ऑनलाइन लेखी असते. गणित कच्चं राहिलं तर मैदान दिसतच नाही.

घरात कुणी पोरगा दहावीला असेल तर संभाजीनगरच्या एसपीआयची (सैन्यात अधिकारी होण्याची तयारी करून घेणारी सरकारी संस्था) चौकशी करा. अकरावी-बारावीसोबत एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) प्रवेशाची तयारी करून घेतात, तो रस्ता थेट अधिकारी होण्याचा आहे.