पणजी की पर्वरी? राहिलेल्यांचीच मतं इतकी उलटसुलट का?

डिचोलीकर

ऑफिस पणजीत, पाटो भागात. जूनपासून भाड्याचं घर हवंय. माणसं चार: आई सत्तरीची, गुडघे दुखतात; मुलगी तिसरीत. वाहन एक स्कूटर, चारचाकी नाही.

विचारायला जावं तर एक म्हणतो, पणजीसारखं गाव नाही, सगळं पायी होतं. दुसरा म्हणतो, पावसात पणजीचं नाव काढू नका, मांडवी नदीपलीकडे पर्वरी गाठा. तिसऱ्याच्या मते पर्वरीला राहणं म्हणजे अर्धं आयुष्य पुलावर, त्यापेक्षा पणजीला लागून असलेलं ताळगाव बघा. तिघेही दहा-पंधरा वर्षं तिथेच राहिलेले, त्यामुळे खोटं कोणी बोलत असेल असं वाटत नाही. मग ऐकायचं कोणाचं? कृपया चौथं मत देऊ नका. ही तीन मतं चाळायची कशी तेवढं सांगा.

शटलप्रवासी

मत देणाऱ्याला चार प्रश्न विचारा. कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत राहिलात? कामावर कशाने जात होता? कितव्या मजल्यावर होता? घर मालकीचं की भाड्याचं? निम्मी भांडणं इथेच मिटतात, कारण दोघं एकाच गावाबद्दल बोलतात पण एकाच रस्त्याबद्दल बोलत नसतात.

पर्वरीचंच घ्या. मांडवीवरचा अटल सेतू जानेवारी २०१९ मध्ये खुला झाला. बांबोळी-मडगावकडे जाणारी गाडी तेव्हापासून पणजीत न शिरता वरून निघून जाते. "पुलाचा त्रास संपला" म्हणणारा बहुधा चारचाकीवाला असतो, आणि त्याच्यापुरतं ते खरं आहे. पण त्या सेतूवर दुचाकीला परवानगी नाही. तुमची स्कूटर खालच्या जुन्या पुलांवरूनच येणार, आणि पाटोला उतरायचं असल्यामुळे वरचा पूल तुमच्या कामाचाही नाही. म्हणजे गाडीवाल्याचं मत ऐकून स्कूटरवाल्याने घर घेतलं की सहा महिन्यांत तोच तिसऱ्या कोणाला उलटं मत देणार!

बसचाही हाच प्रकार. म्हापसा-पणजी कदंबची (सरकारी बसची) शटल चांगली आहे, खिडकीवर तिकीट काढून रांगेत चढायचं, धक्काबुक्की नाही. म्हापशात राहणारा तिची तारीफ करतो. पण ती वाटेत थांबत नाही, पर्वरीकर तिला फक्त जाताना बघतो. त्याच्या वाट्याला खाजगी बस, आणि सकाळी ती म्हापशाहूनच भरून येते. दारात शिट्टी, आत "फुडें सर, फुडें सर" आणि तुमचा एक पाय पायरीवर. रात्री आठनंतर आणि रविवारी याही गाड्या विरळ होतात. मुलीचा क्लास किंवा आईचा दवाखाना संध्याकाळी असेल तर हे आधी बघा.

मतांना तारीख असते हे विसरू नका. पणजीहून मडगावला रोज जाणं अशक्य, झुआरी पुलाजवळ कुठ्ठाळीला दोन तास जातात, हे अजून ऐकू येतं. झुआरीच्या नव्या पुलाची एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. ते मत त्याआधीचं. उलट पर्वरीत महामार्गावर उड्डाणपुलाच्या कामाने जे हाल झाले त्यावरून बनलेलं मत कामापुरतंच धरा. आणि साठीच्या पुढचं कोणी "नदीपलीकडे घर घेऊ नये" म्हणालं तर हसू नका. जुलै १९८६ मध्ये मांडवीवरचा पूल कोसळला होता आणि त्यानंतर लोकांनी कित्येक वर्षं फेरीबोटीच्या रांगेत काढली. त्या पिढीला पूल म्हणजे काय वाटतो ते आपल्याला नाही कळणार.

स्वतः तपासायचं तर एकदाच जाऊन बघू नका. सोमवारी सकाळी साडेआठ ते सव्वानऊ, शुक्रवारी म्हापशाचा बाजार असताना, आणि शनिवारी संध्याकाळी सात वाजता, अशा तीन खेपा ठरवलेल्या घरापासून पाटोपर्यंत स्कूटरने करा. शनिवारची खेप महत्त्वाची, मांडवीकाठी कॅसिनोंकडे जाणाऱ्या गाड्या तेव्हाच असतात. तिन्ही वेळा घड्याळ लावा आणि सगळ्यात वाईट आकडा धरा, सरासरी नको. माणूस सरासरीवर चिडत नाही, वाईट दिवसावर चिडतो आणि मत त्याच दिवशी बनतं.

चिरेकाम

रस्त्याचं वर आलंय, आता भिंतीचं. पणजीबद्दलची पावसाळी मतं निम्मी मजल्यावर आणि निम्मी दिशेवर ठरतात. एकाच इमारतीत तळमजला म्हणतो ओल, वरचा म्हणतो गळती, मधला म्हणतो कसला त्रास?

आपल्या गोव्यातला पाऊस वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, आणि वारा नैर्ऋत्येकडून. त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेकडची भिंत रोज आडव्या पावसाने भिजते. पूर्वेकडची खोली त्याच घरात कोरडी राहते. त्यातून चिरा, म्हणजे भिंतीचा जांभा दगड, सच्छिद्र, पाणी शोषून वर चढवतो. जुन्या घरांना चुन्याचा गिलावा होता, भिंत आत आलेलं पाणी बाहेर सोडायची. तिच्यावर आता कोणी सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट चढवला की ओल अडकते आणि आणखी वर सरकते. मालक म्हणतो "गेल्याच वर्षी प्लास्टर केलंय", आणि दुखणं नेमकं तेच असतं.

घर मे महिन्यात बघणार असाल तर सगळ्या भिंती गोऱ्यागोमट्या दिसतील. म्हणून हे करा:

- जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच ताजा रंग असेल तर विचारा, तेवढाच का. नाण्याने ठोका, बद्द आवाज आला तर गिलावा सुटलाय.
- कपाट पुढे ओढायला लावा. मागे पांढरी भुकटी म्हणजे लोणा (ओलीने भिंतीवर आलेले क्षार), काळे ठिपके म्हणजे बुरशी.
- स्विचबोर्डचे स्क्रू बघा. बाहेरच्या भिंतीवरचे गंजलेले आणि आतल्या भिंतीवरचे चकचकीत असतील तर पाणी कुठून येतं ते कळलं.
- सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला पाणी जायला बारीक भोकं असतात. ती रंगाने किंवा मातीने बुजली की पट्टी भरून पाणी खोलीत उतरतं. मग लोक म्हणतात "भिंत गळते", आणि इलाज तारेने भोकं मोकळी करण्याचा असतो, खर्च शून्य!

राहायला गेल्यावर कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा आणि कपडे शक्यतो बेडरूममध्ये वाळत घालू नका. चौघांचे ओले कपडे बंद खोलीत कित्येक लिटर पाणी हवेत सोडतात. ती बुरशी घराची नव्हे, दोरीची.

सगळ्यात वरचा मजला घ्यायचा असेल तर गच्चीवर पत्र्याचं छप्पर आहे का ते बघा. असेल तर गळती आणि एप्रिलचा उकाडा दोन्ही कमी, मात्र पावसाचा आवाज जास्त. ज्याला त्या आवाजात झोप लागते तो त्या घराचं कौतुकच करणार.

मळेकर

वरच्या दोघांचं पटतं, पण "पणजीत पाणी भरतं" या वाक्याचं पोस्टमॉर्टेम कोणी केलं नाही. पणजी एक नाहीच. आल्तिन्हो टेकडीवर आहे, तिथे पाणी भरायचा प्रश्न येत नाही, चढाचा येतो. मळा ही वस्ती, १८ जून रस्त्याचे काही भाग आणि सांतीनेज खाडीच्या कडेचा सखल भाग, तिथे येतो. तिथेही नुसत्या पावसाने नाही. गटारं शेवटी खाडीला आणि नदीला मिळतात. मांडवीला भरती असताना मोठी सर आली की पाण्याला जायला जागा नसते आणि ते गल्लीत थांबतं. ओहोटी लागली की उतरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी, म्हणून तेव्हा जास्त. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे तोच पाऊस एका दिवशी गुडघाभर पाणी करतो आणि चार दिवसांनी नुसता रस्ता ओला करतो. दोन शेजाऱ्यांची दोन मतं इथून येतात. एक त्या वेळी घरी होता, दुसरा कामावर.

उन्हाळ्यात ओळखायचं कसं? दुकानांच्या शटरचा खालचा गंज किती उंच गेलाय ते बघा. उंबरठ्यावर नंतर बांधलेला विटांचा कठडा आहे का, तळमजल्यावरचे वीजमीटर उगाच उंच बसवलेत का, हेही. आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला "पाणी येतं का?" असं विचारू नका, तो "नाही हो" म्हणेल. "पाणी किती पायऱ्या चढतं?" असं विचारा. आकडा लगेच येतो.

आता आईचं. इथे शटलप्रवासी यांच्या घड्याळाने काम भागणार नाही. पाटोला जाणारे तुम्ही एकटे. दिवसभर घरात आणि गल्लीत असणार त्या. त्यांच्यासाठी पायऱ्या मोजा. पणजीतल्या कितीतरी जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. पायरीची उंची टेपने मोजा, सहा इंचांपर्यंत ठीक. साडेसात असेल तर पहिला मजलासुद्धा दुखऱ्या गुडघ्याला दुसऱ्यासारखा. कठडा दोन्ही बाजूंना आहे का? जिन्यात दिवा आहे का? नवीन पर्वरीत लिफ्ट मिळेल, पण खाली उतरल्यावर पुढे काय, तर महामार्ग. मळ्यात लिफ्ट नसेल, पण पोदेर (पाववाला) सकाळ-संध्याकाळ भोंगा वाजवत दारात येतो, देऊळ, भाजी, औषधाचं दुकान सपाट रस्त्यावर. मात्र दुपारी एक ते साडेतीन-चार बरीच दुकानं बंद, हे बाहेरून आलेल्यांना छळतं आणि इथल्यांना आवडतं. तुम्ही डिचोलीचे, तुम्हाला काय सांगायचं.

आणि एक. गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं मोठं सरकारी इस्पितळ, बांबोळीला. पणजी-ताळगावहून जाताना मांडवी ओलांडावी लागत नाही, पर्वरीहून लागते. रात्री दोनला फरक नाही, सकाळी नऊला आहे. तुमच्या घरात हा मुद्दा स्कूटरपेक्षा जड धरावा.

पणजीच्या जुन्या फोंतेन्हास वस्तीत रंगीत घर मिळालं म्हणून हुरळू नका. पर्यटक तुमच्या पायरीवर बसून फोटो काढणार, सकाळी सातपासून. ज्यांना माणसांची वर्दळ हवी त्यांना मजा वाटते, दुपारी झोपणाऱ्या आईला नाही वाटणार.

डिचोलीकर

मळेकर बाब, पायऱ्यांचं डोक्यातच नव्हतं. टेप घेऊन जातो. आता मळा नाही तर ताळगाव, पहिला मजला, असं बघतोय. एकच राहिलं, पाण्याचं. एक म्हणतो नळाला कायम पाणी, त्याच गल्लीतला दुसरा टँकर मागवतो. हे कसं?

चिरेकाम

टाकीमुळे. नळ दोघांना सारखाच येतो, ठरलेल्या तासांपुरता, साठवण वेगळी. शहरी पुरवठ्याचं मापक माणशी दिवसाला १३५ लिटर. तुम्ही चौघं, म्हणजे ५४०. वाट्याला ५०० लिटरची टाकी असेल तर एक दिवसही पुरा निघत नाही, एक हजाराची असेल तर पावणेदोन दिवस. इमारतीत बारा घरं धरली तर रोजचे साडेसहा हजार लिटर. खालचा संप (जमिनीतली टाकी) दहा हजारांचा असेल तर दीड दिवसाची सोय, वीस हजारांचा असेल तर तीन दिवसांची. पणजीचं पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारला मोठी जलवाहिनी फुटली तेव्हा फोंडा-पणजीचे नळ काही दिवस कोरडे होते. मोठा संपवाला "एवढं काही नव्हतं" म्हणतो, छोट्या टाकीवाला अजून ते दिवस मोजतो.

घर बघताना तीन गोष्टी विचारा: संप किती लिटरचा, पंप कोण आणि किती वाजता चालू करतो, आणि वीज गेली की पंपाला पर्याय काय. तिसऱ्याचं उत्तर बहुधा "काही नाही" असतं, म्हणून स्वयंपाकघरात २०० लिटरचा पिंप ठेवा. पहिल्या पावसात, झाडं तारांवर पडतात तेव्हा, उपयोगी पडतो.

शटलप्रवासी

करारावर सही करताना महिना मोजा. इथे ११ महिन्यांचा करार चालतो. जूनला सुरू केलात तर एप्रिलअखेर संपणार, मुलीचं पुढचं वर्ष त्यानंतर. नोव्हेंबरला सुरू केलेला करार सप्टेंबरअखेर संपतो आणि समोर पर्यटनाचा सीझन उभा असतो. काही मालकांना तेव्हा घर रिकामंच हवं असतं. "पणजीत मालक छळतात" हे मत बहुतेक या तारखांमधून निघतं. नूतनीकरणाची अट, भाडेवाढीचा टक्का आणि घर सोडायची मुदत लेखी घ्या. अनामत परत किती दिवसांत, कुठल्या कपातीसह, हेही. भाडेकरू पडताळणीचा अर्ज पोलीस ठाण्यात मालकाने द्यायचा असतो; दिला का विचारा आणि पोच घ्या. किल्ली घेताना सगळ्या भिंतींचे तारखेसह फोटो काढून मालकालाच पाठवा, म्हणजे ऑक्टोबरमधली बुरशी तुमच्या नावावर लागणार नाही.